डब्यांवरच्या चिठ्ठ्या

संगणक खोटे बोलतो का, असे मला पुष्कळ जण विचारतात. तीसेक वर्षे डेटाबेस सांभाळण्याच्या कामात गेल्यामुळे असल्या प्रश्नांची उत्तरे माझ्यापाशी असावीत, अशी लोकांची समजूत आहे. मी ‘हो’ म्हणतो आणि लगेच दाखलाही देतो. ओरॅकल नावाचा डेटाबेस जगभरच्या बँका, विमा कंपन्या आणि सरकारी खाती वापरतात. त्यात पगाराचा एक तक्ता आहे असे समजा, आणि तो पाहण्याची मुभा तुम्हांला मुळीच दिलेली नाही. तुम्ही त्या तक्त्याचे नाव घेऊन तो मागितलात, तर ‘तुम्हांला परवानगी नाही’ असे उत्तर येत नाही. उत्तर येते, ‘असा तक्ता अस्तित्वात नाही.’ या उत्तराला क्रमांकसुद्धा आहे : ९४२. तक्ता खरोखरच नसला तरी ९४२, आणि असून तुमच्यापासून लपवलेला असला तरी ९४२. दोहोंतला फरक तुम्हांला कळू नये, हाच हेतू.

हे नवीन नाही. पूर्वी मोठ्या घरांतून दारावरच्या गड्याला हेच शिकवलेले असे. ‘साहेब घरात नाहीत’ हे एक उत्तर झाले आणि ‘साहेब आहेत, पण भेटणार नाहीत’ हे दुसरे. दुसरे उत्तर अधिक प्रामाणिक खरे. पण त्यात साहेब घरात असल्याची बातमी फुकट दिली जाते, आणि मग वसुलीला आलेला माणूस पायरीवरच बसून राहतो. पोस्टग्रेस नावाचा दुसरा डेटाबेस या प्रामाणिक गड्याच्या जातीचा. तो सरळ सांगतो, तक्ता आहे, तुम्हांला मनाई आहे. मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर काही आज्ञांना वकिली थाटाचे उत्तर देतो : ही वस्तू नाही, किंवा असली तरी तुम्हांला परवानगी नाही. यावर कोर्टातसुद्धा कुणाला बोट ठेवता येणार नाही.

हे तीन स्वभाव काही अपघाताने झालेले नाहीत. त्यांच्यामागे एक जुना वाद आहे आणि तो अजून मिटलेला नाही. आत काय साठवले आहे ते अर्थातच गुप्त ठेवायचे. पण काय काय साठवले जाते, एवढे तरी लोकांना कळू द्यायचे की नाही? वाद संगणकवाल्यांचा आहे असे वाटेल. पण आता आपली जमीन, पाणीपट्टी, वाहनाचा दंड आणि रेशनकार्ड हे सगळे कुठल्या ना कुठल्या तक्त्यात जाऊन बसलेले असल्यामुळे तो घराघरांत येऊन पोहोचला आहे.

आधी शब्दांची थोडी झटापट करू. स्वयंपाकघराच्या फळीवर डबे असतात आणि डब्यांवर चिठ्ठ्या असतात : तूरडाळ, साबुदाणा, भाजणी. डब्यातली डाळ ही माहिती. चिठ्ठी ही माहितीविषयीची माहिती. हिलाच संगणकाच्या भाषेत मेटाडेटा म्हणतात. डेटाबेसमध्ये डब्यांच्या जागी तक्ते असतात. कोणते तक्ते आहेत, प्रत्येकात कोणते रकाने आहेत, रकान्यात आकडा बसतो की अक्षरे, कुठला तक्ता कुठल्या तक्त्याशी जोडलेला आहे, या सगळ्या मांडणीला स्कीमा म्हणजे आराखडा म्हणतात. आणि मौज अशी की हा आराखडा त्या डेटाबेसच्याच पोटात, आणखी काही तक्त्यांमध्ये लिहून ठेवलेला असतो. जणू फळीवरच्या एका डब्यात सगळ्या डब्यांची यादी घडी करून ठेवली आहे.

ही व्यवस्था ज्यांच्या डोक्यातून निघाली ते एडगर कॉड हे इंग्लंडात जन्मलेले, तरुणपणी ब्रिटिश हवाईदलात वैमानिक असलेले गणिती. आयबीएमच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत काम करताना, १९७० साली त्यांनी तक्त्यांच्या रूपात माहिती ठेवण्याची कल्पना मांडली. माहिती यंत्राच्या आत कशी रचली आहे, हे वापरणाऱ्याला ठाऊक असण्याची गरजच पडू नये, हे त्यांचे मुख्य म्हणणे होते. पुढे १९८५ मध्ये, स्वतःच्या मालाला उगाचच ‘रिलेशनल’ म्हणवून घेणाऱ्या कंपन्यांना वैतागून, त्यांनी खरा रिलेशनल डेटाबेस ओळखण्याचे बारा नियम प्रसिद्ध केले. त्यांतला चौथा नियम आपल्या कामाचा. डेटाबेसचे वर्णन साध्या माहितीसारखेच तक्त्यांत असावे, आणि अधिकार असलेल्या माणसाला ते नेहमीच्याच भाषेत विचारून पाहता यावे, असा तो नियम. म्हणजे यादी हवीच, आणि ती सहज वाचता यायला हवी. पण ‘अधिकार असलेल्या’ हे दोन शब्दही त्याच नियमात आहेत. ते कोण, हे कॉडसाहेबांनी पुढच्यांवर सोडले. पुढच्यांनी आपापल्या स्वभावाप्रमाणे ठरवले.

नुसत्या चिठ्ठीने काय होते, असे ज्यांना वाटते त्यांच्यासाठी एक हकीकत सांगतो. गेल्या शतकाच्या शेवटाला पिंपरी-चिंचवडच्या पट्ट्यातल्या एका कारखान्यात घडलेली. तिथे भांडार विभागातल्या कारकुनांना अहवाल काढण्यासाठी एक नवीन साधन दिले होते. ते उघडले की डाव्या बाजूला डेटाबेसमधल्या सगळ्या तक्त्यांची नावे ओळीने दिसत. एके दिवशी त्या ओळीत नवे नाव उगवले : ‘व्हीआरएस_यादी_२’. कारकुनाने त्यावर टिचकी मारली. तक्ता उघडला नाही, कारण कुलूप व्यवस्थित होते. पण ते नाव वाचायला कुलूप काढावे लागत नव्हते. स्वेच्छानिवृत्तीची यादी तयार आहे, आणि ही दुसरी आहे म्हणजे पहिली कुठेतरी आहेच, हे गणित जेवणाच्या सुट्टीपर्यंत कँटीनमध्ये मांडून झाले. तीन वाजता युनियनचे सेक्रेटरी व्यवस्थापकांच्या केबिनमध्ये. संध्याकाळी फाटकावर सभा. ‘माहिती फुटली’ म्हणून गहजब झाला, आणि ती कुठून फुटली हे शोधायला मला बाहेरून बोलावण्यात आले.

फुटले काहीच नव्हते. त्या तक्त्यात एकही ओळ भरलेली नव्हती. कार्मिक विभागाने पुढेमागे लागेल म्हणून रकाने आखून ठेवले होते, इतकेच. डबा रिकामा होता, चिठ्ठीने दंगल केली होती.

त्या दिवशी मी जे केले ते आजही करीन. प्रत्येक विभागाला त्याच्या कामाचे तेवढेच तक्ते दिसावेत अशी तजवीज केली. रुग्णालयाच्या डेटाबेसमध्ये एखाद्या रोगाच्या चाचणीचा रकाना आहे, किंवा बँकेत ‘संशयित_खाती’ नावाचा तक्ता आहे, हे झाडूनपुसून सगळ्यांना दिसण्याचे काही कारण नाही. नावही बातमी असते. मात्र पुढच्याच आठवड्यात भांडारवाल्यांचा मासिक अहवाल निघेना. ते अहवालाचे साधन स्वतःच त्या यादीवर चालत होते. यादी वाचून ते पडदा आखायचे, रकान्यांची नावे छापायचे. यादीच दिसेना तेव्हा ते मुके झाले. सासूबाईंनी चिठ्ठ्या काढून घेतल्या आणि नव्या सुनेला हळद कुठे अन् मेतकूट कुठे कळेना, तशातला प्रकार. दोन रात्री बसून, त्या साधनाला नेमके काय काय वाचावे लागते ते हुडकून तेवढे उघडे केले, तेव्हा कुठे गाडी रुळावर आली.

या कामात निरनिराळे डेटाबेस निरनिराळी मदत करतात, किंवा करत नाहीत. ओरॅकलमध्ये यादीच्या तीन प्रती असतात : एकीत फक्त तुमच्या मालकीचे तक्ते, दुसरीत तुम्हांला पाहता येतील ते सगळे, आणि तिसरीत संपूर्ण डेटाबेस, ही तिसरी कारभाऱ्याच्या हातची. एकत्र कुटुंबात प्रत्येक सुनेच्या माहेरच्या ट्रंकेची यादी वेगळी, सामाईक कोठीची वेगळी आणि सगळ्या घराची थोरल्या बाईंच्या कनवटीला, अशी ही पद्धत आहे. एसक्यूएल सर्व्हरमध्ये २००५ च्या आवृत्तीपर्यंत डेटाबेसमध्ये पाय ठेवलेल्या कुणालाही सगळ्या तक्त्यांची नावे वाचता येत. त्या आवृत्तीपासून ज्याचा ज्या वस्तूवर काही हक्क आहे त्याला तीच दिसू लागली, आणि हा मोठा बदल होता. पोस्टग्रेसचे मात्र अजून वाड्याच्या चौकासारखे आहे. तिथे प्रमाणित पद्धतीची एक यादी आहे, ती तुमच्या हक्काप्रमाणे गाळून दाखवते. पण तिच्यामागची मूळ यादी सगळ्यांना खुली असते. एकाच यंत्रावर चार गिऱ्हाइकांचे चार डेटाबेस ठेवले, तर प्रत्येकाला उरलेल्या तिघांच्या डेटाबेसची नावे वाचता येतात. जबरदस्तीने ती यादी झाकायला गेलात तर नेहमीची साधनेच लंगडी पडतात. झाकाझाक हवी असेल तर सरळ वेगळी यंत्रे घ्या, असा सल्ला त्यातले जाणकार देतात. तो कोरडा वाटतो, पण खोटा नाही.

आता चोरांकडे वळू. कारण लपवाछपवी करायची ती चोरांच्या नावाने, असा रिवाज आहे.

डिसेंबर १९९८ मध्ये ‘फ्रॅक’ नावाच्या, संगणकातल्या उचापतखोरांच्या नियतकालिकात एक लेख आला. पुढे ज्या युक्तीला एसक्यूएल इंजेक्शन हे नाव पडले तिची ही पहिली जाहीर वाच्यता मानतात. युक्ती समजायला मनीऑर्डर आठवा. फॉर्मच्या खाली संदेशासाठी जागा असायची. कुणी तिथे ‘सर्वांस नमस्कार’ लिहिण्याऐवजी ‘आणि या माणसाला आणखी पाचशे रुपये द्यावेत’ असे लिहिले, आणि भोळ्या पोस्टमनने तो संदेश न समजता साहेबाचा हुकूम समजून पाळला, तर काय होईल? संकेतस्थळावर नाव लिहायच्या चौकटीत नावाऐवजी आज्ञेचा तुकडा लिहायचा. कार्यक्रम गलथानपणे रचलेला असला तर डेटाबेस तो हुकूम म्हणून पाळतो. अशा फटीतून आत गेलेला चोर पहिल्यांदा पैसे मागत नाही. तो यादी मागतो. अनोळखी घरात शिरलेला माणूस आधी कपाटांवरच्या चिठ्ठ्याच वाचणार.

२००८ साली याचे घाऊक रूप दिसले. चोरांनी एकच एक आज्ञा तयार केली. ती एसक्यूएल सर्व्हरच्या दोन याद्या वाचायची, एक तक्त्यांची आणि दुसरी रकान्यांची. ज्या रकान्यांत मजकूर बसतो तेवढे निवडायची आणि प्रत्येक मजकुराच्या शेपटीला विषारी दुवा चिकटवायची. दुकान कुणाचे, तक्त्यांची नावे काय, याच्याशी चोरांना कर्तव्यच नव्हते. ते काम यादीने केले. काही लाख पाने अशी बाटली. यावरून यादी झाकली की काम झाले, असा निष्कर्ष पुष्कळांनी काढला.

मला तो पटत नाही, आणि याला कारण आहे. बहुतेक संकेतस्थळांत येणारे हजारो लोक डेटाबेसपुढे स्वतःच्या नावाने उभे राहतच नाहीत. सगळ्यांच्या वतीने एकच गडी आत जातो आणि जिन्नस आणून देतो. त्याला सगळ्या कपाटांत हात घालावा लागतो, म्हणून त्याला सगळी कपाटे दिसतात. आणि चोर बोलतो तो त्याच्याच तोंडून. शिवाय पगाराच्या तक्त्याचे नाव कोणी ‘चांदोबा’ ठेवत नाही. ‘यूजर्स’, ‘कस्टमर’, ‘ऑर्डर्स’ ही नावे कुठल्याही शिकाऊ माणसाला अंदाजाने सापडतात, आणि अंदाज चुकला तर एकेक अक्षर विचारीत नाव वदवून घेण्याच्या रीतीही आहेत. फट बुजवणे आणि त्या गड्याला हवे तेवढेच अधिकार देणे, हे खरे कुलूप. यादी झाकणे हा पडदा. पडदा लावावा, मीही लावतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला आतले भांडेकुंडे दिसू नये एवढे त्याचे काम. पण पडदा लावला म्हणून कोणी कडी उघडी ठेवून गावाला जात नाही. ऑग्युस्त केर्कहॉफ्स या पॅरिसमध्ये भाषा शिकवणाऱ्या मास्तरांनी लष्करी सांकेतिक लिपीसंबंधी १८८३ मध्येच लिहून ठेवले, की पद्धत शत्रूच्या हाती पडली तरी बिघडू नये, अशीच ती असली पाहिजे. गुपित असावे ते किल्लीत.

इथवर गोष्ट कारखान्याची आणि दुकानाची झाली. तिथे माहितीचा मालक ठरलेला असतो आणि आपल्या घरातले पडदे कुठे लावायचे हे त्याने ठरवावे. माहिती जेव्हा सरकारने लोकांविषयी गोळा केलेली असते, तेव्हा प्रश्न पालटतो. तो कसा, हे अमेरिकेतल्या शिकागो शहरात स्पष्ट दिसले.

शिकागो महापालिका चुकीच्या जागी गाडी लावणे, सिग्नल तोडणे, वेगमर्यादा ओलांडणे यांचे दंड एका मोठ्या डेटाबेसमध्ये ठेवते. ‘कॅनव्हास’ हे त्याचे नाव. या दंडांचा तिथे जाच आहे. थकलेल्या दंडापायी गरीब, विशेषतः कृष्णवर्णीय, वाहनधारक दिवाळखोरीच्या अर्जापर्यंत कसे पोहोचतात, हे २०१८ मध्ये ‘प्रोपब्लिका’ या वृत्तसंस्थेने तपशिलाने मांडले होते. त्याच वर्षी एका नागरिकाने तिथल्या माहितीच्या कायद्याखाली अर्ज केला. त्याने कुणाचे नाव मागितले नाही, गाडीचा नंबर मागितला नाही, दंडाची एकही नोंद मागितली नाही. त्याने फक्त चिठ्ठ्या मागितल्या : कॅनव्हासमध्ये कोणते तक्ते आहेत आणि त्यांत कोणते रकाने आहेत. हेतू उघड होता. आत काय नोंदवले जाते हे कळले, तर पुढे नेमके काय मागायचे ते कळेल.

महापालिकेने नकार दिला. यादी दिली तर यंत्रणेच्या सुरक्षिततेला धोका पोहोचेल, असे कारण दिले. प्रकरण न्यायालयात गेले आणि तिथे आपण आत्ता केला तोच वाद शपथेवर झाला. शहराच्या बाजूने सांगण्यात आले, की नावे आधीच ठाऊक असली तर हल्लेखोराला चाचपडावे लागत नाही. चाचपडताना होणारा आवाज होत नाही आणि पहारेकऱ्याला जाग येत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे, ते नाकारण्यात अर्थ नाही. अर्जदाराच्या बाजूचा तज्ज्ञ म्हणाला, की यादीने हल्लेखोराला फारसे काही मिळत नाही. आत शिरायला फट असली तर यादी त्याच्या हाती पडतेच, आणि फट नसली तर नुसत्या यादीचे तो काय करणार? खालच्या न्यायालयाने २०२० मध्ये यादी द्या म्हणून सांगितले. २०२२ मध्ये अपील न्यायालयानेही तेच कायम केले.

मग २०२३ च्या मे महिन्यात इलिनॉय राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने दोन्ही निकाल फिरवले. आणि फिरवले ते धोका आहे की नाही हे पाहून नव्हे, तर व्याकरणावर. त्या कायद्याच्या एका पोटकलमात, काय देऊ नये याची एक लांबलचक यादी आहे : सॉफ्टवेअर, फाइलचा आराखडा, माहितीपुस्तिका वगैरे वगैरे, आणि शेवटी ‘उघड केल्यास यंत्रणेला धोका पोहोचेल अशी इतर कोणतीही माहिती’. प्रश्न असा, की ‘धोका पोहोचेल अशी’ ही अट फक्त शेवटच्या ‘इतर’ला लागू, की यादीतल्या प्रत्येकाला? आपल्या घरातले उदाहरण घ्या. आई बजावून जाते, ‘बोरं, चिंचा, आवळे आणि घसा धरेल असं दुसरं काहीही खायचं नाही.’ मुलगा बोरे खाऊन वर म्हणतो, ‘पण या बोरांनी घसा धरलाच नाही!’ मुलाचे म्हणणे चालेल का? इलिनॉयच्या न्यायालयाने आईची बाजू घेतली. बोरांचे नाव घेतले आहे ना, मग बोरे बंद. घसा धरो वा न धरो. फाइलचा आराखडा हा शब्द कायद्यात आहे, तक्त्यांची यादी म्हणजे आराखडाच, तेव्हा धोका सिद्ध करण्याची जरुरी नाही.

न्यायाधीशांनी कायदा जसा लिहिला तसा वाचला. त्यांना दोष देता येत नाही. पण परिणाम पाहा. नागरिकाला माहिती मागण्याचा हक्क आहे, मात्र कोणती माहिती आहे हे विचारण्याची सोय नाही. खाणावळीत गेलो, मालक म्हणाला, ‘हवं ते मागा’, आणि पाटी उलटी करून ठेवली.

आपल्याकडे हा प्रश्न फार पूर्वी, संगणकाचे नावही नसताना, निराळ्या रीतीने सुटलेला होता. आपण ‘सातबारा’ म्हणतो तो काय आहे? महसुली दप्तरात गावाच्या नोंदवह्यांचे ठरावीक नमुने आहेत, गाव नमुना १ पासून २१ पर्यंत. नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख, नमुना १२ म्हणजे पिकांची नोंद. दोन्ही एका कागदावर आले आणि झाला सातबारा. फेरफार नमुना ६ मध्ये. खातेदाराच्या जमिनींची एकत्र नोंद ८-अ मध्ये. म्हणजे शाळेचे तोंड न पाहिलेला शेतकरीसुद्धा तलाठ्याकडे जाऊन तक्त्याचा क्रमांक सांगून उतारा मागतो. आराखडा सगळ्या महाराष्ट्राला तोंडपाठ आहे. कूळ कुठल्या रकान्यात, बोजा कुठे, विहीर कुठे, हे पारावर बसलेली म्हातारी माणसे सांगतात. जमिनीच्या लबाड्या आपल्याकडे कमी झाल्या असे नाही. पण त्या खोट्या फेरफाराने झाल्या, खोट्या मुखत्यारपत्राने झाल्या. सहा नंबरचा नमुना काय असतो हे लोकांना ठाऊक होते म्हणून जमीन गेली, असे मी तरी ऐकलेले नाही. उलट तो ठाऊक होता म्हणूनच पुष्कळ लबाड्या पकडल्या गेल्या.

आणि २००५ च्या आपल्या माहिती अधिकार कायद्यात ही जाण उतरलेली आहे. लोकांचे लक्ष सहसा अर्ज आणि तीस दिवस यांवर असते. पण चौथे कलम वाचण्यासारखे आहे. प्रत्येक सरकारी कार्यालयाने आपल्या अभिलेखांची सूची करून ठेवावी, आपल्यापाशी कोणकोणत्या प्रकारची कागदपत्रे आहेत त्याचे निवेदन करावे, इलेक्ट्रॉनिक स्वरूपात कोणती माहिती आहे तिचा तपशील द्यावा. आणि हे कुणी मागण्याची वाट न पाहता, आपण होऊन प्रसिद्ध करावे, असे ते सांगते. काय देता येणार नाही ते आठव्या कलमात आहे. त्यात देशाची सुरक्षा आहे, व्यापारी गुपिते आहेत, पण फाइलचा आराखडा असा शब्द नाही. कॉडसाहेबांचा चौथा नियम आणि आपले चौथे कलम यांचा आकडा एक निघाला हा निव्वळ योगायोग. पण दोन्हींचा आशय पुष्कळसा सारखा आहे. फरक इतकाच, की कायद्याने ‘अधिकार असलेल्या’च्या जागी नागरिक बसवला.

हे कलम कागदावर जितके देखणे आहे तितके कार्यालयांत दिसत नाही. बहुतेक ठिकाणी ‘इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील माहिती’ या मथळ्याखाली ‘संकेतस्थळावर उपलब्ध’ असे लिहून मोकळे होतात. मला विचाराल तर मी सरकारी डेटाबेसच्या आतही भिंती घालीन : पाणीपट्टीच्या कारकुनाला जन्ममृत्यूचे तक्ते दिसू नयेत, आणि बाहेरच्या कंत्राटदाराला तर कामापुरत्या दोन-चार तक्त्यांपलीकडे काही दिसू नये. पण कोरा नमुना, म्हणजे एकही नोंद न भरलेला, नुसत्या रकान्यांच्या नावांचा, मागणाऱ्याला द्यावा. एखाद्या तक्त्याचे नुसते नाव धोक्याचे असले तर ते कार्यालयाने पटवून द्यावे आणि तेवढेच गाळावे.

मी हे नुसते बोलून थांबलो नाही. आमच्या घरी पाणीपट्टीचे बिल दोन वर्षे एकाच आकड्याचे येत होते. आम्ही महिनाभर मुलाकडे जाऊन आलो तरी तेवढेच. बिलाच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ‘शे. ७’ असे छापलेले असे. मी माहिती अधिकारात अर्ज केला, की आमच्या नळजोडणीविषयी संगणकात कोणकोणते रकाने आहेत आणि ‘शे.’ या रकान्यातल्या आकड्यांचा अर्थ काय, ते कळावे. अठ्ठाविसाव्या दिवशी पाकीट आले. आत माझ्याच शेवटच्या बिलाची साक्षांकित प्रत होती.

मी अपील केले. सुनावणीला जे अधिकारी होते ते निवृत्तीला आलेले, सज्जन गृहस्थ होते. माझा अर्ज त्यांनी दोनदा वाचला, मग कारकुनाला हाक मारून म्हणाले, ‘अरे, यांना काही भानगड नकोय, नुसता नमुना हवाय. दाखव ना.’ कारकुनाने पडदा माझ्याकडे फिरवला. ‘शे.’ म्हणजे मीटर वाचणाऱ्याचा शेरा. एक म्हणजे वाचन घेतले, दोन म्हणजे मीटर नादुरुस्त, अशी ती यादी खाली खाली जात होती. सातसमोर लिहिले होते, ‘घर बंद, सरासरीने आकारणी’. माझी बायको रोज सकाळी सात ते अकरा दारातच भाजी निवडत बसलेली असते. हे मी साहेबांना सांगितले, तेव्हा त्यांनी त्या कागदावर फेरवाचनाचा हुकूम लिहिला आणि यादीची छापील प्रत मला दिली. ती मी आमच्या सोसायटीच्या फलकावर लावली आहे. यादीत नवव्या क्रमांकासमोर ‘कुत्रा’ असे आहे, आणि तळमजल्यावरच्या आजोबांच्या बिलावर, त्यांनी जन्मात कुत्रा पाळलेला नसताना, तीन वर्षे तोच आकडा येतो आहे असे परवाच उघडकीस आले. त्यांचा अर्ज मी लिहून दिला. सोमवारी टाकायचा आहे.